परका कोण आणि परवानगी कोणाची?

पदवीच्या वर्गात ‘भूमी’ हा उत्पादनाचा घटक शिकविताना एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी लागते. कापड, साखर, सिमेंट यांचा व्यापार देशोदेशींच्या सीमा ओलांडून सुखाने चालतो. जमिनीच्या बाजाराच्या दाराशी मात्र बहुतेक देशांनी पहारेकरी बसविला आहे. स्वित्झर्लंडसारखा भांडवलाला मुक्तद्वार देणारा देश घ्या. तेथे परदेशस्थ व्यक्तीला सुटीतले घर विकत घ्यावयाचे झाल्यास १९८३ च्या कायद्यानुसार प्रांतिक सरकारची परवानगी लागते, आणि साऱ्या देशात मिळून अशा परवानग्या वर्षाला १५०० च्या वर देता येत नाहीत. डेन्मार्कने १९५९ मध्ये असाच कायदा केला. शेजारचे श्रीमंत जर्मन आपला सारा समुद्रकिनारा विकत घेतील, ही भीती त्यामागे होती. पुढे युरोपीय संघाचा करार झाला तेव्हाही डेन्मार्कने सुटीतल्या घरांपुरता आपला हा हक्क राखून ठेवला.

यंदा हे सांगत असताना एटापल्ली तालुक्यातून आलेला, मागच्या बाकावर बसणारा एक विद्यार्थी उठून म्हणाला, “सर, तिकडे परका म्हणजे दुसऱ्या देशाचा माणूस. आमच्या गावात परका कोण?” वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. प्रश्न साधा नव्हता. चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या जमिनीचा सारा इतिहास त्या एका प्रश्नात सामावलेला आहे, आणि आज तो प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला आहे.

कायद्यातील परकेपणा

आपल्या देशातही विदेशी नागरिकाला स्थावर मालमत्ता सहजासहजी घेता येत नाही. १९७३ च्या विदेशी चलन नियमन कायद्याने त्यासाठी रिझर्व्ह बँकेची अनुज्ञा आवश्यक केली होती. १९९९ च्या कायद्याने चलनव्यवहार बराच सैल केला. पण पाकिस्तान, बांगलादेश, चीन, श्रीलंका, नेपाळ आदी देशांच्या नागरिकांना आजही रिझर्व्ह बँकेच्या पूर्वपरवानगीवाचून येथे घर-जमीन घेता येत नाही. त्यांना मोकळीक आहे ती केवळ भाडेपट्ट्याची, आणि तोही पाच वर्षांहून अधिक मुदतीचा नसेल तरच.

आता याच्या शेजारी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ३६अ ठेवून पाहावे. हे कलम ६ जुलै १९७४ पासून अमलात आहे. आदिवासी भोगवटादाराची जमीन विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण वा पट्टा यांपैकी कोणत्याही मार्गाने बिगर-आदिवासीकडे जावयाची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी, आणि त्या परवानगीला राज्य शासनाची मान्यता हवी. अपवाद आहे तो पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्याचा वा गहाणाचा. तेथे जिल्हाधिकाऱ्यांची संमती पुरते. शिवाय त्या गावात वा पाच किलोमीटरच्या परिसरात ती जमीन घेण्यास कोणीही आदिवासी तयार नाही, अशी जिल्हाधिकाऱ्यांची खात्री व्हावी लागते. एक कायदा देशाच्या सीमेचे रक्षण करणारा, दुसरा सातबाऱ्याच्या उताऱ्याचे. पण पाच वर्षांची मर्यादा दोहोंतही आढळावी, हे विलक्षण आहे. ज्याची वस्ती तात्पुरती आहे त्याला जमीन वापरू द्यावी, मुळे रुजवू देऊ नयेत, हाच दोन्ही कायद्यांमागचा विचार आहे.

या दृष्टीने पाहिले तर प्रस्तुत लेखकही परकाच आहे, आणि तो दुहेरी. काही वर्षांपूर्वी निवृत्तीनंतरच्या दिवसांसाठी एकरभर शेत घ्यावे असे माझ्या मनात आले. चौकशी करता कळले की, ज्याच्या नावावर शेती नाही त्याला विदर्भाच्या १९५८ च्या कूळकायद्यानुसार परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. मी शेतकरी नव्हतो. शिवाय पसंत पडलेले शेत एका गोंड कुटुंबाचे होते. सौदा जमविणाऱ्या दलालाने यावर उपाय सुचविला, “मास्तर, एखाद्या विश्वासू आदिवासी माणसाच्या नावावर घेऊन टाका. कागद त्याचा, पीक तुमचे.” मी शेत घेतले नाही, हे खरे, पण तो उपाय ऐकल्यावर घरी येईपर्यंत मी त्याचा विचार करीत होतो, हेही तितकेच खरे. सुशिक्षित, पगारदार आणि कायद्याची थोडीफार जाण असलेल्या माणसाच्या मनात जर ही पळवाट अर्धा तास घर करून राहते, तर ज्यांचा व्यवसायच जमिनीचा आहे त्यांच्याविषयी काय बोलावे?

बळ कोणाचे, हा प्रश्न

पण परकेपणा केवळ जन्मावरून ठरत नाही, याचीही साक्ष याच भूमीत मिळते. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना शासनानेच चामोर्शी-मुलचेरा भागात वसविले. परदेशातून नेसत्या वस्त्रांनिशी आलेली ही कुटुंबे आज येथल्या धानाच्या बांध्यांत रोवणी करतात. त्याहून मोठी साक्ष राजुऱ्याच्या सीमेपलीकडची आहे. निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यातील गोंडांच्या जमिनी सावकार आणि बाहेरून आलेले पट्टेदार यांच्या घशात जात होत्या. त्यातून कोमराम भीम यांचा उठाव झाला आणि १९४० मध्ये जोडेघाट येथे त्यांना मृत्यू आला. राजुरा तालुका त्या वेळी याच आदिलाबाद जिल्ह्यात होता; तो १९५६ मध्ये नांदेडला आणि १९५९ मध्ये आपल्या जिल्ह्याला जोडला गेला. उठावानंतर तेथील गोंडांची स्थिती अभ्यासून त्यांच्या जमिनी त्यांच्या नावे लागाव्यात म्हणून निजाम सरकारकडे ज्याने आग्रह धरला तो मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा व्हिएन्नात जन्मलेला होता. महायुद्ध सुरू झाले तेव्हा पारपत्र जर्मन असल्यामुळे तो कागदोपत्री शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला होता. कागदावरचा शत्रू गोंडांचा कैवारी निघाला, आणि त्यांच्या जमिनी गिळणारे मात्र त्याच राज्याचे प्रजाजन होते.

तात्पर्य, ३६अ कलमाला चिंता आहे ती परक्याच्या जातीची वा भाषेची नव्हे. सौद्यातील विषम बळाची आहे. बाजार न्याय्य ठरण्यासाठी तीन गोष्टी लागतात, असे आम्ही वर्गात शिकवितो. विकणाऱ्याला वस्तूचे खरे मोल ठाऊक हवे, त्याच्यापुढे एकाहून अधिक ग्राहक हवेत आणि मनाजोगता भाव येईपर्यंत थांबण्याची त्याची ऐपत हवी. घरात आजारपण आहे, मुलीचे लग्न आले आहे, धान पाखडून झाले की धान्य संपले आहे, अशा अवस्थेत सातबारा घेऊन तालुक्याला निघालेल्या माडिया शेतकऱ्याजवळ या तिन्हींपैकी एकही गोष्ट नसते. करार त्याच्या मातृभाषेत नसतो. त्याच्या शेताखाली लोहखनिज आहे की चुनखडी, हे त्याच्याआधी घेणाऱ्याला कळलेले असते. अशा सौद्याला ‘मुक्त करार’ म्हणणे म्हणजे शब्दाची विटंबना होय. इंग्रजी अमलात याच मुक्त कराराच्या तत्त्वाने १८७५ मध्ये पुणे-नगर भागातील शेतकऱ्यांना सावकारांच्या वह्या जाळण्यापर्यंत नेऊन पोहोचविले, हा धडा महाराष्ट्राने तरी विसरू नये.

म्हणूनच १९७४ मध्ये राज्याने आणखी एक पाऊल उचलले. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी त्यांना परत करण्याचा कायदा झाला. तो घटनाबाह्य असल्याचा दावा करण्यात आला. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो वैध ठरविला. दुर्बलाच्या संरक्षणासाठी कराराच्या स्वातंत्र्याला मुरड घालणे हे शासनाचे कर्तव्यच आहे, ही भूमिका तेव्हापासून वादातीत मानली जाते.

भाडेपट्ट्याचे गणित

मग आज ऐरणीवर आहे तरी काय? सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या महसूलमंत्र्यांनी अशी घोषणा केली की, आदिवासी शेतकऱ्यांना आपली जमीन खासगी व्यक्तींना वा कंपन्यांना भाडेपट्ट्याने देता यावी, त्यासाठी मंत्रालयाचे खेटे घालावे लागू नयेत, जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवरच निर्णय व्हावा; आणि भाडे एकरी किमान ५० हजार अथवा हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक असावे. मालकी आदिवासीचीच राहील, हातात रोकड येईल आणि पडीक जमिनीचा उपयोग होईल, असे त्याचे समर्थन आहे.

या समर्थनात तथ्य नाही असे नव्हे. विक्रीपेक्षा पट्टा केव्हाही बरा. परंतु पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्याला संहितेप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची संमती पुरतच होती. मंत्रालयाची पायरी लागत होती ती त्याहून दीर्घ पट्ट्याला. अर्थात घोषणेचा रोख दीर्घ मुदतीच्या पट्ट्याकडे आहे, हे उघड आहे. आणि अर्थशास्त्राच्या शिक्षकाला अस्वस्थ करतो तो भाड्याचा आकडा. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाची किमान आधारभूत किंमत क्विंटलला २३६९ रुपये आहे. म्हणजे ५० हजार रुपये हे सुमारे २१ क्विंटल धानाचे मोल झाले. मामा तलावाच्या वा बोडीच्या पाण्यावर, बहुतांशी पावसाच्या भरवशावर पिकणाऱ्या आमच्याकडच्या एकरात एवढे धान निघणे दुर्मीळ. आणि निघालेच तरी ते सर्व भाड्यातच जाणार. मग बियाणे, मजुरी आणि नफा कोठून यावयाचा? धान पिकविण्यासाठी हे भाडे कोणीही शहाणा माणूस देणार नाही. ते परवडेल ते फक्त त्याला, ज्याला जमिनीवरचे पीक नको असून जमिनीखालचा माल वा जमिनीचे ठिकाण हवे आहे. एटापल्लीत सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाचे उत्खनन चालू आहे, कोनसरीला पोलादाचा प्रकल्प उभा राहिला आहे, गडचांदूर-राजुरा पट्ट्यात चुनखडी आणि कोळसा आहे. तेव्हा ‘शेती भाड्याने’ हे शब्द वाचताना शेत हा शब्द थोडा जपूनच वाचावा हे बरे.

दुसरे गणित काळाचे आहे. महागाई दरसाल पाच टक्क्यांनी वाढते असे धरले आणि भाडे आहे तेवढेच राहिले, तर आजच्या ५० हजारांची क्रयशक्ती तीस वर्षांनी साडेअकरा हजारांच्या आसपास उरेल. आजोबांनी अंगठा उठविलेल्या कराराचे ओझे नातवाने वाहावयाचे. आणि मुदत संपल्यावर त्या नातवाला परत मिळणार काय? बांध्या मोडल्या, वरची काळी माती खरवडून नेली, खड्डा पडला, तर सातबाऱ्यावरचे नाव तेवढे शिल्लक राहील. मालकी कागदावर राहून जमीन निघून जाणे, हा विक्रीचाच एक सभ्य प्रकार आहे.

फिजी बेटांचा अनुभव येथे उद्बोधक ठरेल. तेथील मूळ रहिवाशांच्या जमिनी विकताच येत नाहीत; १९४० पासून एक सार्वजनिक मंडळ त्या पट्ट्याने देते आणि भाडे वसूल करून मालकांना पोचविते. मूळ रहिवाशांची भूमी त्यामुळे टिकली. परंतु १९९७ नंतर ऊसशेतीचे पट्टे संपू लागले तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या ती जमीन कसणाऱ्या भारतीय वंशाच्या अनेक कुटुंबांना ती सोडावी लागली, आणि मोठे दुःख ओढवले. पट्टा हे दोन्ही बाजूंना धार असलेले हत्यार आहे. ते वापरावयाचे तर मुदत, भाडेवाढ आणि परतफेडीच्या अटी आधीच स्पष्ट हव्यात, आणि वसुली एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारता कामा नये.

दुसरी बाजू

येथे त्या विद्यार्थ्याने नंतर, वर्ग सुटल्यावर, मला जे विचारले ते सांगणे आवश्यक आहे. अन्यथा हा लेख एकांगी होईल. तो म्हणाला, “सर, तुमचा प्लॉट तुम्ही उद्या विकला तर चार गिऱ्हाईके येतील. माझ्या बाबांची पाच एकर आहे. घेणार कोण? तर आमच्यासारखाच दुसरा, ज्याच्याजवळ पैसे नाहीत. बँकेत गेले तर साहेब विचारतात, ही जमीन गहाण ठेवून आम्ही काय करू? आमची जमीन आमचीच आहे, तर आम्ही कायम अज्ञान बालक का?” मला त्याला चटकन उत्तर देता आले नाही.

कारण त्याचे म्हणणे अर्थशास्त्राला धरून आहे. ग्राहकांची संख्या कायद्याने कमी केली की वस्तूचा भाव उतरतो. संरक्षणाची किंमत ज्याचे संरक्षण करावयाचे त्याच्याच खिशातून वसूल होते. आणि परवानगी ही स्वतःच दुर्मीळ वस्तू बनली की तिचाही बाजार भरतो: फाइल पुढे सरकविणारे, सौदा जमविणारे, नाव भाड्याने देणारे. नदीपलीकडच्या तेलंगणाने निराळा मार्ग धरला. पूर्वीच्या आंध्र प्रदेशाच्या १९५९ च्या विनियमात १९७० मध्ये दुरुस्ती होऊन अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगर-आदिवासीला देण्याचा दरवाजाच बंद झाला. परवानगीची फटही ठेवली नाही. याच विनियमाच्या आधारे १९९७ मध्ये ‘समता’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शासनालाही तेथील जमिनी खासगी खाणवाल्यांना पट्ट्याने देण्यास मज्जाव केला. परंतु त्या विनियमातील एक तरतूद फारशी चर्चेत येत नाही. आदिवासी ग्राहक न मिळाल्यास विकू इच्छिणाऱ्याला, शासनाने ती जमीन मोबदला देऊन घ्यावी, असा अर्ज करता येतो. दरवाजा बंद करताना खिडकी उघडी ठेवण्याचे हे शहाणपण आपल्या ३६अ कलमात नाही. पाच किलोमीटरच्या आत कोणी आदिवासी घेणारा आहे काय, असे आपण विचारतो. पण घेणाऱ्याच्या हाती पैसा कोठून येणार, हे विचारीत नाही.

परवानगी कोणी द्यावी?

यावरून काही गोष्टी सुचतात. पहिली, परवानगीचा केंद्रबिंदू कचेरीतून गावात यावा. १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील जमीन हातची जाऊ न देण्याचा आणि बेकायदा गेलेली परत मिळविण्याचा अधिकार ग्रामसभेला देण्याचे तत्त्व मान्य केले आहे. जून २०१६ मध्ये राज्यपालांनी याच कलमाच्या संदर्भात ग्रामसभेच्या पूर्वसंमतीची अट घातली. पुढच्याच वर्षी काही शासकीय प्रकल्पांपुरती ती सैल झाली. ही संमती उपचार ठरू नये. प्रत्येक खरेदीखत आणि प्रत्येक पट्टा ग्रामसभेत गोंडी वा माडिया भाषेत मोठ्याने वाचून दाखविला गेला पाहिजे: भाव किती, मुदत किती, जमिनीचा वापर कशासाठी.

ग्रामसभेला हे झेपेल काय, अशी शंका शहरात बसून काढली जाते. तिला धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने परस्पर उत्तर दिले आहे. या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०१३ मध्ये गावकऱ्यांनी ग्रामदान कायद्याखाली आपल्या शेतजमिनी ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचा निर्णय घेतला. कसणे ज्याचे त्याच्याकडे, पिढीजात. परंतु जमीन गावाबाहेर जाऊ द्यावयाची नाही. या निर्णयाची तुलना करावयाची तर फिनलंडच्या आलांड बेटांशी करावी लागेल. तेथे जमीन घेण्यासाठी ‘रहिवास-हक्क’ लागतो. राजधानी हेलसिंकीच्या नागरिकालाही तो आपोआप मिळत नाही. आपल्याच देशाच्या माणसाला परवानगी मागावयास लावूनही फिनलंडची एकात्मता भंगली नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट, अडचणीत सापडलेल्या आदिवासी शेतकऱ्याला शेवटचा ग्राहक म्हणून शासनाने उभे राहावे. जमीन घेण्यासाठी दुसऱ्या आदिवासीला कर्ज द्यावे, नाही तर स्वतः घेऊन भूमिहीन आदिवासीला द्यावी. तिसरी, पट्ट्याचे भाडे रुपयांत गोठविण्याऐवजी धानाच्या आधारभूत किमतीशी बांधावे, ते आगाऊ घ्यावे आणि जमीन पूर्ववत करण्यासाठी पट्टेदाराकडून अनामत ठेवून घ्यावी. चौथी आणि सर्वांत स्वस्त अशी सूचना म्हणजे दर वर्षी दिलेल्या प्रत्येक परवानगीची यादी तहसील कचेरीच्या आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी. कोणाची जमीन, कोणाला, किती भावाने, कशासाठी. अंधारात ज्या परवानगीचा बाजार भरतो, ती फळ्यावर आली की तिचे मोल आपोआप उतरते.

स्विस नागरिक आपले डोंगर जपण्यासाठी परवानगीची अट घालतो तेव्हा त्याला कोणी अज्ञान बालक म्हणत नाही. कारण ती अट त्याने स्वतः, आपल्या मताने घातलेली असते. आमच्या विद्यार्थ्याच्या बाबांवर ती दुसऱ्याने घातली आहे. फरक आहे तो येथे. परवानगी नको असे नव्हे; ती देण्याचा वा नाकारण्याचा अधिकार ज्यांची जमीन आहे त्यांच्या सभेकडे हवा, आणि नाकारल्यावर घरातली चूल पेटती राहील एवढी सोय हवी. या दोन गोष्टी ज्या दिवशी होतील, त्या दिवशी गावात परका कोण हे आम्ही मास्तरांनी सांगण्याची गरज उरणार नाही. ते गावच ठरवील.